सात नंबरची चावी

ही गोष्ट माझी आहे. मैत्रिणीच्या मावशीच्या नणंदेची नाही, माझी स्वतःची. पटत नसेल तर इथेच सोडून द्या, माझं काही बिघडत नाही. खोटं लिहून मला काय मिळणार? उलट यात माझीच लाज निघते.

आणखी एक सांगते. भूत म्हटलं की तुम्ही अमावस्या आणि रात्रीचे बारा शोधणार. तसलं काही नाही. आमच्याकडे जे झालं ते भर दुपारी... चार वाजून दहा मिनिटांनी. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी ममता. राहायला जव्हारला, नोकरीला मोखाड्याच्या रस्त्यावर, एका संस्थेच्या वीस खाटांच्या दवाखान्यात. नाव लिहीत नाही, विचारू नका. तिथलं स्टोअर माझ्याकडे. औषधं, चादरी, सिलिंडर, सगळं.

कोरोनानंतर आमचे दोन ऑक्सिजन सिलिंडर चोरीला गेले. म्हणून संस्थेच्या ठाण्याच्या ऑफिसने चावीपेटी पाठवली. भिंतीवर बसवलेली लोखंडी पेटी, आत चोवीस चाव्या, प्रत्येकीला नंबर. बोट लावायचं किंवा कार्ड टेकवायचं. मशीनला माणूस ओळखू आला की त्याच्या नावावरची चावी सुटते. कोणी, कुठली, किती वाजता घेतली, सगळी नोंद कॉम्प्युटरवर. सिलिंडरच्या ट्रॉलीलाही टॅग होता. ट्रॉली वॉर्डच्या दारातून गेली की तिचीही नोंद पडायची.

सात नंबर म्हणजे ऑक्सिजनच्या खोलीची चावी.

मशीन आधी इंग्रजीत बोलायची. मीच मागे लागून मराठी आवाज टाकून घेतला, आमच्या मावशांना कळावं म्हणून. बोट जुळलं की म्हणायची, "ओळख पटली." नाही जुळलं तर, "ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

या आवाजाचं मला फार कौतुक होतं. आता "ओळख" हा शब्द कुठे नुसता वाचला तरी मी पान उलटते.

आमच्याकडे पोशीमावशी होती, जव्हारकडच्या वांगणीची. पन्नाशीची असेल. पोछा, बेडपॅन, चादरी, बाळंतिणींचं न्हाऊ-माखू, सगळं तीच. हसली की पुढचे दोन दात नाहीत हे कळायचं, आणि ती सारखी हसायची.

तिचं बोट मशीनला कधी ओळखूच आलं नाही.

जन्मभर लावणी, नाचणीची कापणी, विटा थापणं, वर आमचं फिनेल. बोटाच्या रेघाच पुसून गेलेल्या. उजवा अंगठा झाला, डावा झाला, दहाही बोटं झाली.

"माझा बोटच घासून गेलाय ताय," ती हसत म्हणायची. "पन मशीन चांगली हं. कृपया म्हनते. आमाला कोन म्हनतो कृपया?"

मग मी काय केलं, माझं एक जादा कार्ड होतं ते तिच्या गळ्यात घातलं. नियमात बसत नव्हतं. पण काम चालायचं. सात-आठ महिने चाललं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ठाण्याहून तपासणीला एक साहेब आले. त्यांनी मावशीला विचारलं, हे कार्ड कुणाचं? मावशीला खोटं बोलता कुठे येतं? "तायचा हाय," म्हणाली.

सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने झाली. एक माणूस, एक कार्ड. पुन्हा दिसलं तर मेमो. मी तिथल्या तिथे मावशीच्या गळ्यातून कार्ड काढून घेतलं. तिने स्वतःच मान खाली केली, मला सोपं जावं म्हणून.

"दोन दिवसांत तुझ्या नावाचं मागवते," मी म्हणाले.

तो सोमवार होता. कार्ड मागवायला एक ईमेल टाकायचा होता. दोन मिनिटांचं काम. मंगळवारी राहिलं. बुधवारी राहिलं.

गुरुवार, १२ ऑक्टोबर.

मावशीची लेक नवशी आमच्याकडेच बाळंत झाली होती. मुलगी, सातव्या महिन्यातली, दीड किलोचीही नव्हती. तीन नंबरच्या खाटेवर. ऑक्सिजनची मशीन लावलेली, पण ती विजेवर चालणारी. डॉक्टर दुसऱ्या एका अडलेल्या बाईला घेऊन अॅम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात गेले होते. परत आले की बाळाला न्यायचं ठरलं होतं.

आणि मी जव्हारला होते. रजिस्टरमध्ये ऑफिसचं काम म्हणून लिहून गेले होते. खरं सांगू? शिंप्याकडून ब्लाऊज आणायला गेले होते. नवऱ्यालासुद्धा हे मी कधी सांगितलेलं नाही.

चारच्या सुमारास लाईट गेली. सकाळपासून लाईट जा-ये करत असल्याने इन्व्हर्टर ओढूनताणून चालला होता, तोही बसला. चावीपेटीला मात्र स्वतःची बॅटरी होती. ती चालू होती.

दवाखान्यात एकच नर्स, रविना. ती लेबर रूममध्ये, समोर दुसऱ्याच बाईच्या बाळाचं डोकं दिसतंय. ती तिथूनच ओरडली, "मावशी, सात नंबर काढा! सिलिंडर आणा!"

मावशी पेटीकडे धावली.

बोट लावलं.

"ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

तिने पुन्हा लावलं.

तुम्ही म्हणाल, दगड घालायचा दारावर. आरडाओरडा करायचा. मीही तेच म्हटलं असतं. पण तुम्ही आमच्याकडची माणसं बघितली नाहीत. रेशनवर अंगठा उठला नाही की परत या. बँकेत साहेब नाहीत, उद्या या. दाखल्याला फोटो नाही, पुन्हा या. आणि ही माणसं येतात हो! वीस-वीस किलोमीटर चालून पुन्हा येतात, भांडत नाहीत. पुन्हा करा म्हटलं की पुन्हा करायचं, एवढंच त्यांना आपण सगळ्यांनी मिळून शिकवलंय.

मशीन पुन्हा करा म्हणाली. मावशीने पुन्हा केलं.

पदराला बोट पुसून केलं. थुंकी लावून केलं. बोट बदलून केलं. रविनाने मधे दोनदा हाक मारली, "मावशी, आणला का?" तर मावशी तिकडून, "करते हं सिस्टर, मशीन परत कर म्हनते!"

बारा मिनिटं. एकतीस वेळा. ही नोंद मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलीये.

चार बावीसला रविना रक्ताच्या हातांनी धावत आली. हात पुसून बोट लावलं, चावी सुटली. सिलिंडर आला...

बाळ गेलं होतं.

मी पाच वाजता पोहोचले. हातात ब्लाऊजची पिशवी. मावशी पेटीखाली भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली. शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर आज मला बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "तुझा काय नाय ताय. माझा बोटच खराब."

त्या दिवसानंतर ती कामावर आलीच नाही. दिवाळी झाल्यावर घरच्यांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली, असं कळलं. बाळ गेलं त्याच आठवड्यात मी ईमेल टाकला होता. सगळ्या मावशांची कार्डं तीन दिवसांत आली. तीन दिवसांत! तिचं कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं.

आता पुढचं.

गुरुवार, १८ जानेवारी २०२४. मी स्टोअरमध्ये सलाईनचे खोके लावत होते. बाहेर आवाज आला.

"ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

कोणा पेशंटची पोरं असतील, मला वाटलं. मी आतूनच ओरडले, "ए, खेळायची वस्तू आहे का ती?"

"ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

तणतणत बाहेर आले...

कोणी नव्हतं.

पूर्ण पॅसेज रिकामा. मशीनवर निळा दिवा लागलेला. तो दिवा काचेवर बोट असेल तेव्हाच लागतो. तो विझला. थांबला. पुन्हा लागला.

"ओळख पटली नाही..."

मी दिवा बघत राहिले. किती वेळ उभी होते माहीत नाही. मग आवाज बंद झाला. मी कॉम्प्युटर उघडला. पहिली नोंद चार दहाची. शेवटची चार बावीसची.

मोजल्या. पुन्हा मोजल्या.

एकतीस.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रविनानेही ऐकलं. ती कानात बोटं घालून लेबर रूममध्ये जाऊन बसली.

मशीन बिघडली, असं ऑफिसला कळवलं. सोमवारी तुषार नावाचा टेक्निशियन आला. ठाण्याचाच मुलगा, हसतमुख. त्याने सगळं तपासलं. म्हणाला, "ताई, मशीन एकदम ओके आहे. बोट ठेवल्याशिवाय नोंद पडतच नाही. कोणीतरी ठेवतंय."

मग त्याने मोबाईलचा टॉर्च काचेवर तिरका धरला.

"हे बघा, ताजा ठसा आहे." आणि बघता बघता त्याचं हसू गेलं. "पण ताई... याला रेघाच नाहीत."

काचेवर बोटाएवढा ओलसर डाग होता. गुळगुळीत. आणि त्याला फिनेलचा वास येत होता.

तुषारने काच पुसली, बॅग उचलली आणि चहासुद्धा न घेता गेला.

बोट न जुळताही नोंदीत मावशीचंच नाव पडत होतं. मी ते मशीनमधून काढून टाकलं. काही फरक नाही. फक्त नोंदीत नावाच्या जागी "अनोळखी" यायला लागलं. ते वाचून तर माझं काळीज तुटलं. मी पुन्हा तिचं नाव घातलं.

त्या गुरुवारी मी ठरवलं, आता घाबरून चालणार नाही. ती चावी मागतेय ना? देऊन टाकू. चारलाच पेटीसमोर स्टूल घेऊन बसले.

चार दहा.

निळा दिवा लागला.

"ओळख पटली नाही. कृपया पुन्हा..."

मी माझं बोट लावलं. काच कोमट होती.

"ओळख पटली." सात नंबर सुटली. मी चावी हातात घेतली. म्हणाले, "मावशी, चल."

खोली उघडली. सिलिंडर ट्रॉलीवर घेतला. आमची ती ट्रॉली म्हणजे एक चाक कायम अडलेलं, दोघांशिवाय नीट हलत नाही. मी एकटी ओढायला लागले. रेटून रेटून चार पावलं गेले असेन...

आणि ट्रॉली हलकी झाली.

दुसऱ्या बाजूने कोणीतरी ढकलत होतं.

मी मागे बघितलं नाही. शपथ सांगते, भीती वाटत नव्हती. मला रडू येत होतं. आम्ही दोघी जवळजवळ धावत वॉर्डात गेलो. दाराशी टॅगची टिक झाली. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबरची खाट...

खाट रिकामी होती. घडी घातलेली चादर, दुसरं काही नाही.

ट्रॉली एकदम जड झाली.

आता तरी ती सुटली असेल, असं मला वाटलं होतं. कसली सुटतेय! दुसऱ्या दिवशी चार दहाला पुन्हा सुरू. चावी मिळूनही तिचं बाळ तिथे नव्हतं, तर ती काय करणार? परत पहिल्यापासून.

रविवारी मी वांगणीला गेले. वावर गावापर्यंत जीप, पुढे पायी. मावशी गेली असेल हे मी मनाला मानूच देत नव्हते. ती भट्टीवर असेल, गावातून पत्ता घ्यावा, भेटावं, पाय धरावेत, असं मनात. नवशीच घरी होती. मला बघून तिने पोत्यावरची नाचणी बाजूला केली आणि बसायला जागा दिली.

"आये गेली ताय," ती म्हणाली. "दहा दिस झाले. आमी तिच्या दिसांना आलो."

कधी, कशी, मी विचारलं. गुरुवारी, अठरा तारखेला, वीट थापताना मावशी खाली बसली ती उठलीच नाही. किती वाजता, ते नवशीला माहीत नव्हतं. ट्रकवाले दुपारचा चहा पीत होते, एवढंच तिला आठवत होतं.

मग नवशीने जे सांगितलं ते ऐकून मी तिच्या अंगणात ओक्साबोक्शी रडले. मावशी रोज झोपताना उजव्या हाताच्या त्या एका बोटाला मोहाचं तेल चोळायची. सकाळी उन्हात धरून नवशीला विचारायची, "बघ गं, रेघ आली का जरा?" नवशी म्हणायची, आली आये, थोडी आली. आणि दिवसभर पुन्हा विटा.

मी नवशीला सगळं सांगितलं. पेटी, आवाज, एकतीस वेळा. मला वाटलं ती घाबरेल. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "उद्या येते मी."

सोमवारी ती आली. चारच्या आधीपासून पेटीसमोर उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन.

चार दहा. निळा दिवा.

"ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

नवशी पुढे झाली. कोणाचं तरी मनगट धरावं तसा तिने काचेजवळ हात नेला.

"आये," ती म्हणाली. "आये, ऱ्हाऊ दे. पोर आधीच गेलती. तू उठून पळालीस ना, तवाच गेलती. माझ्या मांडीवर. तू पळत होतीस म्हनून मी बोलली नाय. तुझा बोट नाय गं आये. कोनाचाच नाय."

"ओळख पटली नाही. कृपया..."

आवाज अर्ध्यात थांबला.

निळा दिवा तसाच राहिला. एक मिनिट... दोन मिनिटं. मग तो विझला.

त्या दिवशी पुन्हा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आजपर्यंत नाही.

त्या सोमवारी नवशीला जीपवर सोडायला मी रस्त्यापर्यंत गेले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं होतं. मला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याचीच शरम वाटत होती. बाळ आधीच गेलं होतं. म्हणजे कार्ड असतं तरीही... म्हणजे मी असते तरीही...

मी विचारलं, "नवशी, खरं का गं ते? आधीच गेलं होतं?"

ती गाठोडं बांधत होती. वर न बघताच म्हणाली, "आयेला झोप लागाया पायजे ना ताय."

जीप आली. ती चढली. मी तिथेच उभी.

तेव्हापासून दीडेक वर्ष झालं. पेटी गप्प आहे. मी मात्र रोज चार दहाला तिच्यासमोर जाऊन उभी राहते. काही करत नाही, नुसती उभी राहते. मनात एकच चालू असतं. मी त्या दिवशी इथे असते तर? बोट लावलं असतं, चावी काढली असती, धावले असते. रोज तेवढंच.

मागच्या गुरुवारी मला ताप होता. रजा टाकून जव्हारला घरी झोपून होते. नवरा घरात होता, तो साक्षीला आहे. मी दिवसभर अंथरुणातून उठले नाही.

शुक्रवारी कामावर आले. सवयीने नोंदी उघडल्या.

गुरुवार. चार दहा. सात नंबर.

ओळख पटली.

नाव... ममता.

चार बाराला ट्रॉली वॉर्डच्या दारातून आत गेल्याची नोंद होती. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. तेवढ्यात रविना आत आली.

"काय हो ताई, काल एवढ्या तापात कशाला आलात?" ती म्हणाली. "हाक मारली तर बघितलंही नाहीत. ट्रॉली घेऊन पळत सुटलात नुसत्या. आणि रडत का होतात?"

मी आलेच नव्हते, हे मला तिला सांगायचं होतं. नवऱ्याला फोन लावून द्यायचा होता. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"रविना," मी विचारलं, "मी वेळेत पोहोचले का गं?"